बुटांचा आवाज

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते दोंडाईच्याच्या आमच्या इतिहासाच्या सरांचे. ते नववीतल्या पोरांनाही 'अहो भाऊ' म्हणत आणि चिडले की आवाज आणखी खाली आणत.

स्नेहसंमेलनासाठी त्यांनी नाटक बसवलं. नाझींनी ज्यू मुलांच्या शाळा बंद केल्या, तेव्हा ज्यू शिक्षकांनी घराघरांत चोरून वर्ग चालवले, ते. आम्हा सगळ्यांना नाझी अधिकारीच व्हायचं होतं.

"अहो भाऊ, तो स्टेजवर येणारच नाही. नुसते बूट वाजतील."

"मग नाटक रंगेल कसं?" हेडसरांनी विचारलं.

"शिकणाऱ्यांची हिंमत दिसली की रंगेल," सर हळूच म्हणाले.

पडद्यामागे बूट वाजले. आम्ही पुस्तकं लपवायच्या आतच, कधी शाळेत न गेलेली माझी आई प्रेक्षकांतून ओरडली, "दपाडा रे पुस्तकं, तो उना!" लोक हसले. सरांनी पुढे येऊन तिला हात जोडले. "दपाडली, अक्का."

यंदा बी.ए. झाल्यावर मी सरांना पत्र पाठवलं:

"सर, आईने विचारलं, त्या पुस्तकांत असं काय होतं? मी सांगू लागलो, तर म्हणाली, 'सांगू नको, माले वाचानं शिकाड.' कालपासून आमचा वर्ग सुरू झाला आहे."