बोमन लेकच्या काठी गाडी मागे घेताना

इथले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगू? वाचताना मनातल्या मनात कारणं शोधत असतो. वारा असेल... उंदीर असेल... ताप चढला असेल. त्यात माझा काही मोठेपणा नाही, माझं पोटापाण्याचं कामच ते आहे. मी मेकॅनिकल इंजिनियर आहे आणि यंत्रात नको तो आवाज कुठून येतो हे शोधून काढण्याचा मला पगार मिळतो. आवाज आहे म्हणजे काहीतरी कशावर तरी आदळतंय. याला अपवाद मी आजवर पाहिला नव्हता.

म्हणून हे लिहायला जवळजवळ वर्ष लागलं. बायको म्हणाली, "लिही रे गजू, नाहीतर तू आयुष्यभर त्या व्हॅनचा पत्राच तपासत बसशील."

थोडं घरचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. घरातला पहिला पदवीधर. वडील एसटीत कंडक्टर होते. मी आज अमेरिकेत नेपरव्हिलमध्ये स्वतःच्या घरात बसून हे टाइप करतोय, ते त्यांनी आयुष्यभर उभ्यानं प्रवास केला म्हणून. हे मी कधी विसरलो नाही.

विसरले ते. आधी नावं गेली, मग माणसं. दर रविवारी आम्ही व्हिडिओ कॉल करतो. गेल्याच्या आधीच्या दिवाळीच्या सुमारास त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून आईला विचारलं, "हे साहेब कोण?" त्यानंतर मी त्यांना परत सापडलोच नाही. कंडक्टरकी मात्र शाबूत. दिवसभर खाटेवर बसून घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "पुढे सरका, पुढे सरका, मागे माणसं उभी आहेत." आई हसते. हसेल नाहीतर काय करेल!

त्याच हिवाळ्यात मी महिनाभर गावी राहून आलो. रोज सकाळी त्यांच्यासमोर बसायचो, आज तरी ओळखतील म्हणून. नाही ओळखलं. परत आल्यावर माझं कशात लक्ष लागेना. शेवटी मृणालने, म्हणजे माझ्या बायकोने, जुलैची सुट्टी टाकली आणि माँटानातली एक कॅम्पर व्हॅन बुक केली. मृणाल पुण्याची. वडील डॉक्टर, लहानपणापासून प्रवास कारने. एसटीत ती लग्नानंतर एकदाच बसलीय आणि तेव्हाही खिडकीशी भांडण्यातच वेळ गेला.

"चल यार," ती म्हणाली, "थोडं बर्फ बघू. तू इथे बसून त्यांना काही आठवणार नाहीये."

व्हॅन कॅलिस्पेलला ताब्यात घेतली. मागे पलंग, एक ओटा, एक छोटा फ्रिज. गाडी देणाऱ्या बाईंनी सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी एक सूचना दोनदा केली. गाडी मागे घेताना कॅमेऱ्यावर विसंबू नका, एकाने खाली उतरा, आणि जो खाली उतरेल त्याने कायम ड्रायव्हरला आरशात दिसत राहायचं. आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबवायची.

आम्ही मान डोलावली. आणि बाहेर पडताच मी मृणालला माझी पद्धत शिकवली! ती पद्धत एसटीची. डेपोत गाडी मागे घेताना कंडक्टर पाठीमागे उभा राहतो आणि पत्र्यावर हाताने थाप देत राहतो. थापा सावकाश पडतात तोवर जागा आहे, भरभर पडू लागल्या की जागा संपत आली, आणि शेवटी जोरात एक... थांब. लहानपणी मी इंजिनाच्या बॉनेटवर बसून हे शेकडो वेळा ऐकलंय. ड्रायव्हर आरशात बघायचेही नाहीत.

"आणि मी आरशात दिसायचं त्याचं काय?" मृणालने विचारलं.

"काही गरज नाही. हात बोलतो."

"अच्छा, म्हणजे मी आता कंडक्टर. ड्रेस कधी मिळणार?"

पहिले काही दिवस तिथल्या नॅशनल पार्कमध्ये फार सुंदर गेले. लोगन पासच्या घाटात भर जुलैत रस्त्याच्या कडेला बर्फाच्या भिंती होत्या. सेंट मेरी लेकवर आम्ही व्हॅनचा मागचा दरवाजा उघडून, पाय बाहेर सोडून पोहे खाल्ले. एका वळणावर जॅक्सन ग्लेशियर दिसतो. तिथल्या फलकावर जुना फोटो होता. फोटोत सगळा उतार बर्फाने भरलेला आणि समोर बघावं तर डोंगराच्या खोबणीत उरलेला एक तुकडा. शेजारी पार्कची एक रेंजर मुलगी लोकांना सांगत होती की बर्फ किती उरलाय यापेक्षा तो अजून सरकतोय का, हे महत्त्वाचं. स्वतःच्या वजनाने सरकत असेल तोवर तो ग्लेशियर. थांबला की नुसता बर्फ.

मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. मृणालने येऊन माझा हात धरला. मी कशाचा विचार करतोय ते तिला कळलं होतं.

त्यानंतर आम्ही पार्कच्या वायव्य कोपऱ्यात बोमन लेकला गेलो. शेवटचा रस्ता कच्चा, अरुंद आणि इतका धुळीचा की पोचेपर्यंत पांढऱ्या व्हॅनचा मागचा भाग विटकरी झाला होता. वाटेत पोलब्रिजला पाव घ्यायला थांबलो, तेव्हा मृणालने मागच्या दारावरच्या धुळीत बोटाने दार भरून एक मोठा हसरा चेहरा काढला. वर टोपी काढली, खाली लिहिलं 'कंडक्टर'. मी तिचा त्या चित्राशेजारी फोटो काढला. हा फोटो लक्षात ठेवा.

तलावाजवळच्या कॅम्पग्राउंडला पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. तिकडे उन्हाळ्यात सूर्य रात्री जेवण झालं तरी मावळत नाही. आम्हाला मिळालेली जागा टोकाची, उंच झाडांमध्ये, आणि गाडी मागे घेत घेत आत न्यावी लागेल अशी. शेजारच्या जागा रिकाम्या होत्या, सगळे पाण्यावर गेले असावेत. डासांचा तर नुसता थवा. मी काचा वर केल्या, मृणाल उतरून मागे गेली. कॅमेऱ्याच्या भिंगावर धूळ बसून पडद्यावर नुसतं तपकिरी दिसत होतं.

तिच्या थापा सुरू झाल्या. सावकाश, डाव्या बाजूच्या पत्र्यावर... धप... धप... धप. मग थांबल्या.

खरं तर थापा थांबल्या की गाडी थांबवायची, हा नियम. पण मला वाटलं, डास मारत असेल. जागा भरपूर दिसत होती. मी ब्रेकवरचा पाय हलका ठेवून गाडी तशीच मागे जाऊ दिली.

आणि जोरात थाप पडली. एकच. बरोबर मागच्या दारावर, मधोमध, वरच्या बाजूला. हाताचा पंजा पसरून मारलेली, आणि तिच्यात अंगठीचा टणकन आवाज. माझा पाय ब्रेकवर कधी दाबला गेला ते मला कळलंही नाही. गाडी थांबली. मग अगदी हलकेच बोटांच्या दोन टिचक्या... टिक, टिक.

मी इंजिन बंद करून हसलो. ओरडलो, "अगं हळू! भाड्याची गाडी आहे!"

दार उघडून खाली उतरलो.

मागे गेलो तर मृणाल जमिनीवर. मागे सरकताना तिचा पाय झाडाच्या मुळात अडकला होता आणि ती गाडीच्या मागे आडवी पडली होती, पाय गाडीखाली. मागचं चाक तिच्या गुडघ्याच्या इतकं जवळ होतं की मला मधे हात घालायला जागा करावी लागली.

तिला बाहेर ओढलं. घोटा सुजला होता, बाकी ठीक. मग ती म्हणाली, "मला ओरडताच येईना रे. आवाजच फुटेना. बरं झालं तू थांबलास."

"तू थाप मारलीस म्हणून थांबलो."

"मी कुठे मारली? मी तर खाली पडलेले! मला वाटलं, तू आतून काहीतरी आपटलंस."

मी तिच्याशेजारी मातीत बसलो.

"किती आवाज ऐकलेस?" मी विचारलं.

"एक मोठा. माझ्या डोक्याच्या बरोब्बर वर. आणि मग बारीक दोन. नखांनी वाजवल्यासारखे."

आता ते सांगतो, जे मी तोपर्यंत तिलाही सांगितलं नव्हतं. निदान तिला तसं आठवत नाही, आणि मलाही. थापेचा नियम सगळ्या कंडक्टरांचा एक. पण गाडी थांबल्यावर बोटांच्या दोन टिचक्या, या फक्त बाबांच्या. ड्रायव्हरला शाबासकी दिल्यासारख्या. डेपोतले ड्रायव्हर काका मला म्हणायचे, "तुझा बाप पाठ थोपटल्याशिवाय गाडी बंद करू देत नाही."

मी उठून मागचं दार बघितलं. कोणी वाटसरू आला असेल, मदत करून निघून गेला असेल, असंच मला वाटत होतं. पण पळत गेला तरी त्या सरळ वाटेवर दिसला असता. आणि दारावर धूळ जशीच्या तशी होती. मृणालने काढलेला चेहरा, टोपी, अक्षरं... एकही रेघ पुसलेली नाही. ती थापटत होती तिथे डाव्या बाजूला तिच्या पंजाचे ठसे स्पष्ट उमटले होते. मागच्या दाराला मात्र कोणाचं बोटही लागलेलं नव्हतं. मी पोलब्रिजचा फोटो उघडून ताडून पाहिला. तस्साच.

मग मी माझं काम केलं. दाराची कडी, आतले कप्पे, सुटलेले पट्टे, ओट्यावरची भांडी, सगळं हलवून, आपटून आवाज काढून बघितला. मृणाल दगडावर पाय ठेवून ऐकत होती. "हा नाही. हाही नाही. अंगठीचा आवाज कुठाय?" शेवटी म्हणाली, "गजू, पुरे. मला बर्फ पाहिजे पायाला." आणि मग स्वतःच हसली, "बर्फ बघायला आलो आणि बर्फच नाही!"

त्या मुक्कामाला फोनला रेंज नव्हती. मी तिला घेऊन कोलंबिया फॉल्स या गावी आलो, एका दुकानातून बर्फाची पिशवी घेतली आणि पार्किंगमध्ये बसूनच घरी व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे अजून उजेड होता, तिकडे सकाळ उजाडलेली. आई फोनवर आली, पण तिचा एक हात पडद्याच्या बाहेर कुठेतरी काहीतरी चोळत होता.

"काय करतेस गं?"

"तुह्या बाबाच्या हाताले तेल लावतो. सकायपासून उजवा पंजा दुखते म्हणतात. झोपेत पलंगाच्या लोखंडी पट्टीवर मारला असंल." मग तिला मृणालच्या पायावरची पिशवी दिसली. "काय झालं बाप्पा पोरीच्या पायाले?"

मृणालने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "काही नाही, मुरगळला."

मी प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलंय, म्हणून हेही लिहितो. नंतर मी आईला खोदून विचारलं. झोपेत पलंगाच्या पट्टीवर ते अधूनमधून मारतातच, ही काही पहिली वेळ नव्हती. आणि त्या रात्री नेमकं कधी मारलं, ते तिला माहीत नाही. ती झोपली होती. लग्नातली अंगठी अजून त्यांच्या त्याच हाताच्या बोटात आहे, सुजेमुळे निघत नाही म्हणून. एवढंच. यातून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. माझ्या हाताखालच्या मुलाने असा रिपोर्ट आणला असता तर मी परत पाठवला असता.

पण धुळीचं काय? आणि टिचक्या आम्ही दोघांनीही ऐकल्या, त्याचं काय? वर्ष होत आलं, मला कारण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर सांगा. मी चिडणार नाही. फक्त पूर्वी ज्या घाईने मी कारण शोधायचो, ती घाई आता उरलेली नाही.

त्या संध्याकाळी कॉल संपायच्या आधी आईने फोन बाबांच्या हातात दिला. त्यांनी आम्हा दोघांकडे नीट निरखून पाहिलं. ओळखलं नाहीच.

"कुठं उतरायचं?" त्यांनी विचारलं.

एरवी मी म्हणायचो, बाबा, मी गजू, अमेरिकेतून. त्या दिवशी नाही म्हणालो. आमच्या गावाचं नाव सांगितलं आणि म्हणालो, "दोन द्या."

बाबांनी मृणालच्या सुजलेल्या पायाकडे बघितलं आणि शेजारची उशी बाजूला सारली.

"बाईले बसू द्या आधी," ते म्हणाले. "जागा आहे."