हौसाबाईंचे पंचवीस सेकंद

“दहा सेकंद! बघ, आरामात गेलो,” रानडे सर म्हणाले आणि मोबाईलचं स्टॉपवॉच बंद केलं.

नगरमधलंच एक मैदान. कबड्डीला मारतात तशी फक्की मारून मी त्यावर अख्खा रस्ता आखला होता. शहरात बीआरटी आणायची होती. म्हणजे बसला रस्त्याच्या मधोमध स्वतःची लेन, स्टॉपही मधोमधच. बस पकडायची तर आधी अर्धा रस्ता ओलांडा. त्यासाठी माणसांना हिरवा सिग्नल किती वेळ द्यायचा, ते ठरवायचं होतं. मी ज्युनिअर प्लॅनर, सर माझे बॉस.

“सर, तुम्ही रोज पाच किलोमीटर पळता.”

“मग तू चाल!”

नकला करणं हा माझा कोल्हारच्या शाळेपासूनचा धंदा. सरांचीही करतो, ते रजेवर असले की. त्या दिवशी हौसाबाई मावशी केली. मावशी पाथर्डीकडच्या. उमेदीची वर्षं ऊसतोडीत गेली, आता आमच्या सर्व्हेच्या रस्त्यावर मेथी-शेपू विकतात. मी लॅपटॉपची बॅग डोक्यावर घेतली, कमरेत वाकलो, पाय ओढत निघालो. बावीस सेकंद! सगळी टीम हसून लोळली.

“नाटक भारी,” सर म्हणाले. “पण हिरवा वाढवला की बस थांबणार, सरासरी स्पीड पडणार. स्पीड पडला की फंड गेला.”

खरं होतं. पैसे देणाऱ्यांची अटच ती. बस रिक्षाइतकीच रेंगाळणार असेल तर वेगळी लेन हवी कशाला?

दुसऱ्या दिवशी फंड देणाऱ्यांच्या मॅडम पाहणीला आल्या. मी आगाऊपणा केला. खुद्द मावशींनाच बोलावून ठेवलं, भाजीच्या पाटीसकट. सरांनी माझ्याकडे असं बघितलं, की माझं इन्क्रिमेंट तिथंच वारलं.

मावशी निघाल्या. दहाव्या सेकंदाला मी शिट्टी मारली. म्हणजे सिग्नल लाल. मावशी बरोबर गाड्यांच्या लेनमध्ये. पुढं जावं का मागं, कळेना. पाटी धरून नुसत्या उभ्या. रस्ता फक्कीचा, गाडी एक नाही, तरी कुणी हसलं नाही.

“आता काय करू रं? हितंच उभी ऱ्हाऊ व्हय?”

मॅडमनी विचारलं, “मावशी, जरा जोरात नाही का चालता येणार?”

“येतंय की. पाटी तुमी घ्या.”

मावशी माझ्याकडं वळल्या. “आन तू काल माझी नक्कल केली म्हनं? गुडघा डावा दुखतोय माझा. तू उजवा वढला.”

“सॉरी मावशी.”

“सॉरी कशाला? नीट कर.”

सर आठवडाभर आकडे मांडत बसले. हिरवा पंचवीस सेकंद धरला. गेलेला वेळ भरून काढायला तिकीट स्टॉपवरच काढायचं ठरवलं, म्हणजे चढायला वेळ कमी लागतो, बस कमी थांबते. फाईल एकदा परत आली, पुन्हा गेली. शेवटी फंड मंजूर झाला, पण अर्ध्याच लाईनला. मावशींचा चौक त्या अर्ध्यात होता.

मी धावत सांगायला गेलो. “मावशी, पंचवीस सेकंद मिळाले!”

“बस कवा येनार?”

“दोन-तीन वर्षं लागतील.”

“मंग तवर गुडघा आनखी बिघडंल की. दोन-चार सेकंद जास्तीच लावून ठिव.”

सरांना फोन केला. ते म्हणाले, “तीस कर.”

रस्ता आखताना माणसाचं आजचं वय धरायचं नसतं. कॉलेजात हा चॅप्टर नव्हता.