मनकर्णाबाईचा गाविलगड

अकोल्यात मोर्णेच्या काठच्या माळी गल्लीत भाद्रपदात महालक्ष्म्या घरोघर बसत, पण गर्दी उसळायची ती मोतीराम माळ्याच्या घरी. पुरणपोळी आणि आंबील सगळीकडे सारखीच असते. मनकर्णाबाईच्या महालक्ष्म्यांपुढे मात्र लढाई असे. बाकीच्या बायका करंज्या-लाडवांची आरास करत, ही बाई तोफा मांडायची. सासू होती तोवर सासूनं कुरकुर केली, ती गेल्यावर कुरकुरीचं काम मोतीरामानं हाती घेतलं, आणि दोघांनाही मनकर्णाबाईनं कधी भीक घातली नाही.

आधी तिचे सैनिक मातीचे होते. दरवर्षी करायचे आणि दरवर्षी फुटायचे. मग साठ सालच्या आसपास बाजारात प्लास्टिकचे शिपाई आले. एकदा मोतीराम भाजी विकून घरी येताना पुडाभर शिपाई घेऊन आला. काही तरी भांडण झालं होतं आणि साडी घेण्यापेक्षा हे स्वस्तात पडत होतं. मनकर्णाबाईनं पुडा परातीत उलटा केला. सगळे एका साच्यातले, हिरवेगार, डोक्यावर लोखंडी टोप घातलेले.

"हे काय घमेले घालून लढतीन गडावर?" ती म्हणाली. पण रुसवा तिथंच संपला, हे मोतीरामानं ओळखलं.

प्लास्टिकवर रंग बसत नाही हे तिला पहिल्याच दिवशी कळलं. गेरू लावला की वाळून त्याची खपली निघे. मग तिनं भांडी घासावी तसे ते शिपाई चुलीतल्या राखेनं घासले, त्यांची चमक घालवली, वर चुना आणि डिंकाचा हात दिला, तेव्हा कुठे रंग धरू लागला. तापवलेल्या सुरीनं टोप छाटायचे. उकळत्या पाण्यात हातपाय बुडवून नरम करायचे, हवे तसे वाकवायचे आणि लगेच गार पाण्यात धरायचे. डिंकात भिजवलेली मलमलची चिंधी गुंडाळली की झालं पागोटं, तीच चिंधी कमरेभोवती वाळवली की अंगरख्याचा घेर. भाले खराट्याच्या काड्यांचे, ढाली चिंचोक्याच्या. बंदुकीला तारेचा तुकडा जोडून तिची नळी लांब करायची, म्हणजे ती जुन्या काळची दिसे. मिश्यांना मात्र तिचेच केस लागत, विंचरताना निघालेले. गल्लीतल्या सगळ्या मर्दांच्या मिश्या आपल्या बायकोच्या आहेत, असं मोतीराम चारचौघांत सांगायचा आणि वर तिच्याच शिव्या खायचा.

मर्द गल्लीतलेच होते हे खरं. आयत्या शिपायांना चेहरे नसतातच म्हणा ना, नाक आणि हनुवटी असते. मनकर्णाबाई त्यांना मेणाचं नाक लावी, कुणाला पाठीत पोक काढून देई, कुणाचा एक पाय आखूड करी. फुलवाल्या उत्तमरावांची झुपकेदार मिशी लांबूनच ओळखू येई. बायका दर्शनाला आल्या की आधी आपलं माणूस शोधत. नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नव्हती, म्हणून नुसतं बोट दाखवून "हे पाहा, हे" म्हणत आणि पदर तोंडाला लावून हसत. ज्या घरचं माणूस लढाईत नसे त्या घरची बाई फुगून बसे. देखाव्यातला मोतीराम दरवर्षी फौजेच्या स्वयंपाकाच्या कढईपाशी असायचा, मेणाचं पोट घेऊन.

पासष्ट साली तिनं गाविलगड मांडायचं ठरवलं. तिचं माहेर चांदूर बाजारचं, तिथून त्या गडाचे डोंगर दिसतात. लहानपणी मामानं तिला बैलगाडीनं नेऊन गड दाखवला होता. इंग्रजांच्या तोफांनी भिंत कुठं पाडली, खिंडार कुठं पडलं, हे मामानं हात करकरून सांगितलं होतं आणि ती तिथल्या दगडावर बसून भाकरी खात ऐकत होती. आता तिनं मळ्यातली काळी माती आणून तट बांधला. काळी माती वाळली की भेगाळते, पण या वेळी ते सोयीचंच झालं. तट खरोखर तोफा खाल्लेला दिसू लागला.

खिंडारात सगळ्यात पुढं कोण, हे तिनं कुणाला विचारलं नाही. तिथं तिनं देवमनला उभं केलं, डावा खांदा जरा वर, तो चालायचा तसा. देवमन तिचा एकुलता एक. दोन वर्षांपूर्वी तो फौजेत भरती झाला होता आणि आता जम्मूकडे कुठं तरी होता. उत्तमरावांना त्याच्या डावीकडे, बाकीच्यांना मागे, अशी तिनं फळी लावली.

त्याच दिवसांत रेडिओवर लढाईच्या बातम्या सुरू झाल्या. हॉटेलापाशी माणसं गोळा होऊन ऐकत. छांब, जौरियां ही नावं अकोल्यातल्या भाजीवाल्यांच्याही तोंडी आली. देवमनची काहीच खबर नव्हती. मनकर्णाबाईनं सोळा भाज्या निवडल्या, पुरण वाटलं आणि लक्ष्म्यांना साड्या नेसवल्या. मनातून ती फार भ्यायली होती.

पूजेच्या दिवशी उत्तमरावांची बायको वच्छला हळदीकुंकवाला आली. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. ती किल्ल्यापाशी घुटमळली आणि तिनं उत्तमरावांच्या शिपायाकडे बोट केलं.

"मावशी, ह्यायले जरा मांगं घेऊ का?"

"काहून?"

"काई नाई. तिथं ऊन लागते."

घरात कसलं आलंय ऊन. पण मनकर्णाबाईला ते उमगलं. "घे," ती म्हणाली.

मग पार्बताबाई आली. तिच्या म्हाताऱ्याला गुडघ्याचा त्रास होता, तो लढाईत उभा कसा राहील, असं तिचं म्हणणं. तिनं त्याला उचलून थेट कढईपाशी नेलं. मग जी येई ती आपल्या माणसाला तटामागं सरकवू लागली. कुणी पाणी पाजायला नेलं, कुणी घोडे राखायला. कढईभोवती पंगत बसायची वेळ आली.

"उभ्यानं कसे जेवतीन?" पार्बताबाईनं विचारलं.

मनकर्णाबाईनं पाणी उकळत ठेवलं आणि एकेकाचे गुडघे वाकवून त्यांना बसतं केलं. वच्छलेनं उत्तमरावांना स्वतः पंगतीत बसवलं. संध्याकाळपर्यंत गाविलगडाची फौज जेवायला बसली होती. खिंडारात एकटा देवमन उरला. त्याला हात लावायला कुणी धजावलं नव्हतं.

बायका पाटावर बसून प्रसाद घेत होत्या. मनकर्णाबाईनं देवमनला उचललं. एवढंसं ते प्लास्टिक, मुठीत मावणारं. पाणी अजून गरम होतं. त्याला बसवलं, चार माणसांत नेऊन ठेवलं, तर तिला कोण काय म्हणणार होतं? पण तिकडे तो बसलेला नव्हता. त्याला मागे घेतलं तर तो रागावेल, आई, तू माझी लाज काढलीस म्हणेल, असं तिला वाटलं. आणि न घ्यावं तर तो तिथं एकटाच उरत होता. तिनं त्याला परत खिंडारात ठेवलं. तो जरा तिरपाच उभा राहिला.

मोतीराम दारात उभा राहून हे बघत होता. तो आत आला, बायकांच्या मधून वाट काढत किल्ल्यापाशी बसला आणि त्यानं पंगतीतून आपलं ढेरपोटं ध्यान शोधून काढलं.

"मी जेवलो," तो म्हणाला.

आणि त्यानं स्वतःला नेऊन देवमनच्या पुढं ठेवलं. हातात बंदूक नव्हती, मनकर्णाबाईनं त्याला नुसता झारा दिला होता. झाऱ्यानिशीच तो इंग्रजांसमोर उभा राहिला.

वच्छलेनं ताट खाली ठेवलं, हात धुतले आणि उत्तमरावांना उचलून आणलं. गुडघे वाकलेलेच होते, त्यामुळे ते नेम धरून बसल्यासारखे दिसले. पार्बताबाई डोळे पुसत उठली. एकेक करून साऱ्याजणींनी आपलं माणूस खिंडारात आणून देवमनच्या भोवती लावलं. मनकर्णाबाई तेव्हा रडली, भिंतीला टेकून, सगळ्यांदेखत, आणि बायकांनी तिला पोटभर रडू दिलं.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या गेल्या. दरसाल त्याच दिवशी देखावाही मोडायचा असे. या वेळी मनकर्णाबाईनं कुणाला शिवू दिलं नाही. नवरात्र त्या किल्ल्याला वळसा घालून झालं, दिवाळीत फराळाचे डबे त्याच्या पलीकडे ठेवले. देवमन खुशाल असल्याचं मधे कळलं, तरी तिनं ऐकलं नाही. त्यानं स्वतः पाहिल्याशिवाय मोडायचा नाही, म्हणाली.

तो आला थंडीत, सुटीवर. वाळला होता, काळवंडला होता, पण धडधाकट होता. गल्ली दारात जमली. चहा प्यायच्या आधी आईनं त्याला किल्ल्यापाशी नेलं. तो उकिडवा बसला आणि स्वतःला बघून हसला. मग त्यानं बापाकडे बोट केलं.

"बाबा, तुमी माह्या बंदुकीसमोरच उभे हाये. अशानं मले गोळी कशी झाडता येईन?"

मोतीराम टोपलीतली मेथी निवडत होता. त्यानं मान वर केली नाही.

"तुही गोळी अडते तं अडू दे," तो म्हणाला. "समोरच्याइची बी अडते ना."

देवमननं वाकून बापाचं ते ध्यान उचललं, बराच वेळ हातात धरलं आणि होतं तिथंच परत ठेवलं.