मेन पाडला आणि पाणी गेलं

“सही करा मॅडम, चहा गार होतोय,” सबनीस साहेब म्हणाले. सबनीस म्हणजे चाकणमधल्या एका ऑटो-पार्ट्स कंपनीचे प्लांट हेड. सही हवी होती फायरच्या सहामाही दाखल्यावर. सोमवारी त्यांचं मोठं गिऱ्हाईक कारखान्याच्या ऑडिटला येणार होतं, आणि दाखला नसेल तर उत्पादनाची नवीन लाइन सुरू होणार नव्हती.

आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असा दाखला वर्षातून दोनदा द्यावा लागतो. तो लायसन्स असलेली एजन्सीच देऊ शकते. भोसरीत माझी तशी छोटी एजन्सी आहे. बघितल्याशिवाय मी सही करत नाही, म्हणून माझ्यामागे मला ‘खडूस बाई’ म्हणतात. म्हणोत बापडे.

पंप हाउसमध्ये गेले आणि काम बघून खरंच खूश झाले. नवी केबल, प्रत्येक वायरला नंबर, कुठे चिकटपट्टीचा जुगाड नाही.

“कोणत्या एजन्सीचं काम हे?”

“एजन्सी कशाला? आमचा सोमनाथ आहे ना! नवीन मेन पॅनेल आलं तेव्हा पंपाची विजेची लाइन त्यानंच फिरवली. लायसन्स आहे त्याच्याकडे. घरचा माणूस.”

सोमनाथ मिसाळ हा कंपनीचा इलेक्ट्रिशियन, मूळचा बीडकडचा. लायसन्स खरं होतं, पण विजेच्या कामाचं. आगीच्या यंत्रणेला हात लावायला फायरचं लायसन्स वेगळं लागतं.

“वायर ती वायर, मॅडम,” साहेब हसले. “पंपाला काय कळतंय कोणी जोडलं ते?”

“जेवणाच्या सुट्टीत चालवून बघू,” मी म्हटलं.

सुट्टी झाली, मशिनं थांबली. शेडमागे पंपाला होज पाइप लावून एका कामगारानं धरला. पंप सुरू झाला आणि पाणी पार पत्र्यापर्यंत उडालं. साहेबांनी माझ्याकडे ऐटीत पाहिलं. मी शेजारी उभ्या सोमनाथकडे वळले.

“सोमनाथभाऊ, समजा रंगकामाचं पेंट शॉप पेटलंय. आधी काय कराल?”

“मेन पाडायचा की!” मेन पाडायचा म्हणजे कारखान्याचा मुख्य स्विच बंद करायचा.

“मग पाडा.”

त्यानं पाडला. दिवे गेले, पंखे थांबले. आणि होजमधलं पाणी खाली खाली येत धरणाऱ्याच्या बुटांवर सांडलं.

 मग साहेब म्हणाले, “अहो, जनरेटर आहे ना!”

“त्याची वीजही याच पॅनेलमधून जाते. पेटलेल्या शेडमध्ये वीज सोडणार का?”

फायर पंपाची लाइन मेनच्या आधी घ्यायची असते. सगळा कारखाना अंधारात गेला तरी पंप चालला पाहिजे. सोमनाथनं ती मेनच्या नंतर घेतली होती, बाकीच्या मशिनांसारखी. मशिनांसाठी तेच बरोबर. चांगला इलेक्ट्रिशियन तसंच करणार.

“ताई, आमाला उलटं शिकिवलंय,” तो म्हणाला. “करंट चालू ठिऊन पानी मारलं तर मानूस जातो.”

“खरंय. म्हणून शेडचा करंट बंद, एकट्या पंपाचा चालू.”

तो पायरीवर बसला. “धाकटा भाऊ पेंट शॉपला हाय माझा,” म्हणाला. “आग लागली असती तर मीच पळत जाऊन पानी बंद केलं असतं.” मला त्याच्याकडे बघवेना.

साहेब आता त्याच्यावर उखडले. “वाट लावली असतीस की आमची! उद्यापासून कामावर येऊ नकोस.”

माझं डोकंच सटकलं. “थांबा साहेब. हे काम त्याला कोणी सांगितलं?”

साहेब घड्याळ बघायला लागले.

“याला काढाल, तर दुसरा येईल तोही असंच जोडेल. पंपाची लाइन फायरचं लायसन्स असलेला माणूस बदलेल, सोमनाथ त्याच्या हाताखाली उभा राहील. आणि त्याला फायरच्या ट्रेनिंगला पाठवा. नंतर सही.”

“आणि ऑडिट?”

“ढकला पुढे.”

चहा तसाच राहिला. ऑडिट पुढे गेलं, नवी लाइन उशिरा सुरू झाली. साहेब मला बरेच दिवस फोनवर फक्त ‘हं’ म्हणायचे. पण सोमनाथची नोकरी टिकली. पंपाची लाइन बदलल्यावर मेन त्यालाच पाडायला लावला. कारखाना अंधारात, आणि पंप आपला धडधडतोय. तो डोळे पुसत होता की घाम, मी विचारलं नाही.

लायसन्स वेगळं का, असं लोक अजून विचारतात. हुशार माणसाचीही एखादी सवय दुसऱ्या कामात जीव घेऊ शकते, म्हणून.

पुढच्या सहामाहीला गेले तर पंप हाउसला नवं कुलूप, आणि दारात सोमनाथ.

“ताई, फायरच्या लायसन्सचं कार्ड?”

“अहो, मला ओळखत नाही का?”

“वळखतो की. पर कार्ड दावा.”

कार्ड गाडीत राहिलं होतं आणि गाडी गेटबाहेर. भर उन्हात त्याला शिव्या घालत गेटपर्यंत गेले, आणि कार्ड घेऊन आले.