रोजंदारीची नऊ वर्षं

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी गल्लीतली माणसं त्यांना चावीवालेच म्हणत. माणसाच्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, एका भागाचं पाणी बंद करून दुसऱ्या भागाचं सोडायचं, हे काम त्यांनी सदतीस वर्षं केलं. जमिनीखाली कुठला नळ कुठे वळतो हे नकाशापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं. पाणी उशिरा आलं की बायका त्यांच्या नावानं बोटं मोडत आणि वेळेवर आलं की कोणाला त्यांची आठवणही होत नसे. त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

तक्रार होती ती एकाच गोष्टीची. सदतीस वर्षांपैकी पहिली नऊ वर्षं रोजंदारीची होती. ती पेन्शनला धरायची असा आदेश ते नोकरीत असतानाच निघाला होता. पण निवृत्तीच्या कागदावर सेवा लिहून आली अठ्ठावीस वर्षं. नऊ वर्षं कुठेतरी गळाली होती. "दुरुस्ती होऊन जाईल हो, अर्ज टाका," असं त्यावेळचा कारकून म्हणाला, आणि त्यांनी अर्ज टाकला.

त्यानंतर पेन्शनच्या टेबलावर तीन कारकून बदलले. पहिल्यानं सांगितलं, अभियंत्याची सही नाही. सही आणली तर दुसरा म्हणाला, सेवापुस्तकात पहिलं पान जोडलेलं नाही. पान सापडायला दीड वर्ष गेलं, तोवर फाइल वरच्या कचेरीत गेली होती. ती खाली आली तेव्हा तिच्यावर नवीन शेरा होता: रोजंदारीच्या काळातले हजेरीपट सादर करावेत. हजेरीपट जुन्या पंपघराच्या खोलीत होते आणि वाळवीनं त्यांचा केव्हाच भुगा केला होता. दर मंगळवारी चावीवाले इस्त्रीचा शर्ट घालून जात, बाकावर बसत आणि जेवणाच्या सुट्टीत परत येत. उरलेले सहा दिवस ते एका मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये शिट्टी वाजवत उभे राहत. सहासष्टाव्या वर्षी दिवसभर उभं राहून पाय असे सुजत की बूट काढताना बायकोला ओढावे लागत.

मग टेबलावर एक नवीन बाई आल्या. बाई सज्जन होत्या. त्यांनी सगळी फाइल वाचली, हेच मुळात नवल.

"हजेरीपट नसतील तर एक वाट आहे, काका," त्या म्हणाल्या. "त्या काळात तुमच्याबरोबर काम केलेल्या कायम कर्मचाऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणा. एकाचं असलं तरी चालेल. आहे कोणी?"

"बघतो," चावीवाले म्हणाले.

बघण्यासारखं काही नव्हतं. त्या काळातला हयात माणूस एकच उरला होता, आणि त्याच्याशी ते पस्तीस वर्षं बोलले नव्हते.

खात्यात त्याला सगळे लंबू म्हणत. एके काळी दोघांची जोडी होती. लंबू आधी कायम झाला, हे मागे राहिले, पण डबा एकच, सायकल एकच, आणि जड चावी फिरवताना एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. ते तुटलं एका सकाळी. लंबूच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. तो धावत आला आणि म्हणाला, "आजची माझी पाळी तू कर. नोंद माझ्याच नावावर राहू दे, दुपारपर्यंत येतो." असं चालायचं. कोणी विचारत नसे.

मोठ्या नळाची चावी, म्हणजे खालची झडप, एकदम उघडायची नसते. चार फेरे द्यायचे, थांबायचं, आतली हवा जाऊ द्यायची, मग पुढचे चार. हे त्यांना लंबूनंच शिकवलं होतं. त्या दिवशी दुसऱ्या भागात जायची घाई होती, ऊन चढलं होतं, आणि त्यांनी सलग फेरे दिले. पाण्याचा धक्का बसून नळ फुटला. खालच्या अकरा घरांत कमरेएवढं पाणी शिरलं. माणसं वाचली, पण संसार भिजले, आणि एका शिंप्याच्या घरातलं लग्नाचं सगळं शिवण वाहून गेलं.

चौकशी लागली. नोंदीत नाव लंबूचं. मी कामावर नव्हतोच, असं लंबू म्हणाला असता तर न सांगता काम सोडल्याची शिक्षा आणखी मोठी होती. म्हणून तो गप्प राहिला आणि जोडीदाराच्या तोंडाकडे बघत राहिला. जोडीदार रोजंदारीवर होता. कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव नुकतंच लागलं होतं. तोंड उघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर. त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. लंबूच्या दोन वेतनवाढी कायमच्या गेल्या, बढती गेली. त्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शुद्धीकरण केंद्रात बदली मागून घेतली. जाताना तो भांडला नाही. नुसता सायकल घेऊन गेला.

जानेवारीतल्या एका सकाळी चावीवाले लंबूच्या दारात उभे राहिले. खिशात प्रतिज्ञापत्राचा कोरा कागद होता. येताना बसमध्ये त्यांनी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. दार लंबूच्या मुलीनं उघडलं. पस्तिशीची, केस वर बांधलेली, हातात शाळेतल्या वह्यांचा गठ्ठा. ही तीच, त्या सकाळची, हे लक्षात आलं आणि जुळवलेलं सगळं विरून गेलं.

लंबू खुर्चीत बसला होता. उंची अजून तेवढीच, पण आता ती खुर्चीत घडी घालून ठेवल्यासारखी दिसत होती. त्यानं ओळखलं. "बस," म्हणाला.

चावीवाल्यांनी काम सांगितलं. सांगताना नजर कागदावर ठेवली. लंबूनं चष्मा मागितला, कागद दोनदा वाचला आणि मुलीकडे पेन मागितलं.

"कुठल्या वर्षापासून लिहायचं?" त्यानं विचारलं.

चावीवाल्यांनी वर्ष सांगितलं.

"बरोबर. पावणेनऊ वर्षं माझ्या डोळ्यांदेखत आणि उरलेले तीन महिने ऐकून." त्यानं सही केली, खाली तारीख घातली. अक्षर कापत होतं. "खोटं काही नाही यात. तू रोज कामावर होतास."

"उपकार झाले," चावीवाले म्हणाले.

"उपकार कसले." लंबूनं कागद त्यांच्याकडे सरकवला. "त्या दिवशीही होतास. ते यात वेगळं लिहिलं नाही."

त्याचा आवाज चढला नाही. मुलीनं चहा आणला, तो दोघांनी निमूटपणे प्यायला. चावीवाल्यांची जीभ भाजली, तरी त्यांनी कप खाली ठेवला नाही. ठेवला असता तर बोलावं लागलं असतं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि हे ती पहिल्यांदा ऐकत होती. ती निवडत बसली होती तो तांदूळ तिनं बाजूला सरकवला.

"म्हणजे तुमच्या कायम होण्याचे पेढे मी त्यांच्याच घरी नेले होते," ती म्हणाली. "वहिनींनी डबा घेतला, दार लावलं. मला वाटलं, बाळंतीण आहे, दमली असेल."

फेब्रुवारीत चावीवाल्यांनी एक जबाब लिहिला. वहीच्या रेघी पानावर, मोठ्या अक्षरात. त्या दिवशी कामावर मी होतो, चावी मी उघडली, चूक माझी, माझ्या जोडीदाराला झालेली शिक्षा रद्द व्हावी. खाली सही केली, तारीख घातली. तो कागद बायकोनं वाचला आणि घडी घालून हातात धरून ठेवला.

"द्या, नको म्हणत नाही," ती म्हणाली. "पण आपला आदेश हातात पडू द्या. तुमच्या नऊ वर्षांचा कागद त्यांच्या टेबलावर आणि त्यावर हे. त्यांना काय, निमित्तच हवं असतं. फाइल परत वर जाईल. आणखी सहा वर्षं तुमचे पाय टिकणार आहेत का?"

तिचं अगदीच चूक नव्हतं. सहा वर्षं तिनं बूट ओढले होते. आणि खरं सांगायचं तर चावीवाल्यांना कोणीतरी असं म्हणायला हवंच होतं. त्यांनी जबाब कपाटात कपड्यांखाली ठेवला. पस्तीस वर्षं थांबलं, चार महिने थांबेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

चार महिने म्हणता म्हणता सहा झाले. ऑगस्टमध्ये आदेश आला. सेवा सदतीस वर्षं, थकबाकीसह. बाईंनी तो स्वतः उठून हातात दिला. "काका, तोंड गोड करा," त्या हसून म्हणाल्या. चावीवाल्यांनी आदेशाची घडी खिशात घातली आणि त्याच खिशातून दुसरा कागद काढला.

बाईंनी तो उभ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मग बसल्या. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"हा फेब्रुवारीचा आहे, काका."

"हो."

"जुन्या विभागीय शिक्षांचा फेरविचार करायला या वर्षी एकदाच मुदत दिली होती. एकतीस मार्चपर्यंत. बाहेर फळ्यावर सूचना लावली होती. आठवड्यातून एकदा तुम्ही त्याच फळ्याखाली बसत होता."

बसत होते खरे. सूचना त्यांनी वाचली नव्हती. जिथे आपलं नाव नाही तो कागद वाचायची सवय त्यांना कधीच नव्हती.

"तरी घेते मी," बाई म्हणाल्या. "लेखी उत्तर येईल. आशा लावत नाही."

उत्तर नोव्हेंबरात आलं, लंबूच्या पत्त्यावर आणि एक प्रत यांना. प्रकरण फार जुनं असून मूळ अभिलेख नष्ट झालेले आहेत, विहित मुदतीत अर्ज प्राप्त झालेला नाही, सबब विचार करता येत नाही. चार ओळी आणि एक शिक्का.

ती प्रत घेऊन चावीवाले पुन्हा लंबूकडे गेले. पार्किंगचं काम त्यांनी एव्हाना सोडलं होतं, पायांची सूज उतरली होती, आणि त्या बऱ्या झालेल्या पायांनी जिना चढताना त्यांना शरम वाटली. या वेळी त्यांनी नजर खाली घातली नाही. जबाब कधी लिहिला, कुठे ठेवला, का ठेवला, मुदत कधी संपली, सगळं सांगितलं. बायकोचं नाव त्यांनी मध्ये येऊ दिलं नाही.

लंबू खिडकीबाहेर बघत होता. समोरच्या गच्चीवर कोणी टाकी धूत होतं.

"पत्र आलं तेव्हाच कळलं, तू लिहिलंस ते," तो म्हणाला. "दोन दिवस बरं वाटलं. आता हे का सांगितलंस?"

"कोणाकडून तरी कळलंच असतं."

"नसतं कळलं. मला कोण सांगायला येतंय." त्यानं गुडघ्यावरचा हात उचलला आणि परत ठेवला. "तेव्हा तुझी नोकरी होती, पोट होतं, ते मी समजून घेतलं होतं. मनातल्या मनात पुष्कळ वेळा. या वेळचं समजायला मला वेळ लागेल. तेवढं आयुष्य आहे की नाही, ठाऊक नाही."

चावीवाले माफी मागायला आले होते, पण मागितली तर लंबूला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढंही ओझं त्याच्यावर टाकू नये असं त्यांना वाटलं.

मुलगी आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि टेबलावरचं पत्र उचलून तिनं मास्तरणीच्या नजरेनं वाचलं.

"वरच्या कचेरीत अपील करता येतं," ती म्हणाली. "मी लिहिते. काका, त्या दिवशी काय काय झालं ते क्रमानं सांगा. किती वाजता, कुठली चावी, शेजारी कोण होतं. तारीख नका सांगू, ती मला पाठ आहे."

त्यांनी सांगितलं. ती लिहीत गेली. एका जागी ते अडखळले, किती फेरे दिले ते आठवेना. "सव्वीस," लंबू खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाला. "सव्वीस फेऱ्यांची होती ती. तू सगळे एकदम दिलेस. चौकशीत मला विचारलं होतं."

अपील गेलं, त्याला आता वर्ष होत आलं. एकदा शेरा आला की अपीलकर्त्याची सही जुन्या सहीशी जुळत नाही. लंबूचा हात आता फारच कापतो, त्याला कोण काय करणार. डॉक्टरचा दाखला जोडला. मग फाइल वर गेली, आणि वर गेलेली फाइल खाली कधी येते हे चावीवाल्यांना कोणी सांगायला नको.

मंगळवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून जातात. बाईंची बदली झाली, टेबलावर नवा मुलगा आला आहे, त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. "पण काका, तुमचं तर काम झालंय," तो संगणकात बघून म्हणाला. "हे दुसऱ्याचं आहे." चावीवाल्यांनी लंबूचं मुखत्यारपत्र पुढे केलं. आत जाण्याआधी हल्ली ते फळ्यावरच्या सगळ्या सूचना वाचतात, बदल्यांच्या, निविदांच्या, हरवलेल्या ओळखपत्राच्यासुद्धा.

तिथून ते लंबूकडे जातात आणि काय झालं ते सांगतात. बहुतेक वेळा सांगण्यासारखं काही नसतं. लंबू ऐकतो. कधी हं म्हणतो, कधी तेही म्हणत नाही. दोघांमध्ये दुसरं बोलणं होत नाही. मागच्या मंगळवारी ते निघाले तेव्हा मुलगी दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "तुम्हाला उशीर झाला की बाबा विचारतात." मग घाईघाईनं, जणू जास्त बोलून गेली असं वाटून, तिनं पुढच्या मंगळवारी शाळेला सुट्टी आहे, आपण दिवसभर घरीच असू, असं सांगितलं आणि दार लावून घेतलं.