बिननावाच्या तीन बाऱ्या

गेनूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरी बुद्रुकला आमच्या विहिरीवर मोटार चालू करायला गेलो होतो. पलीकडे त्यांचा मुलगा होता. "गुरुजी..." एवढं म्हणाला आणि अर्धा मिनिट काहीच बोलला नाही. त्या घरातलं माणूस अर्धा मिनिट गप्प राहतं, म्हणजे काय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी आपला "हॅलो, हॅलो" करत रेंज शोधत बांधावर फिरत राहिलो. त्यांच्या गावी, पिंपरी पेंढारला पोचलो तर अंगणात माणूस मावत नव्हतं, आणि जो तो दुसऱ्याला गेनूभाऊंचा एखादा किस्सा सांगत होता. मयताच्या घरी इतकं हसू मी कधी ऐकलेलं नाही. त्यांच्या बायकोनं, ताराबाईंनी, मला बघितलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, पयल्यांदाच तुमच्या आदी पोचले बगा." एरवी कुठंही जायचं तर ते माझ्यामागून तासाभरानं यायचे. मला रडू आलं ते तेव्हा.

जुन्नर-आंबेगावातल्या माणसाला गेनूभाऊ कोण हे सांगायला नको, पण ही पुरवणी पुण्यातही वाचली जाते म्हणून सांगतो. आमच्याकडे गावाची यात्रा म्हटली की बैलगाड्यांची शर्यत आली. ज्या चढावर गाडे पळतात त्याला आम्ही घाट म्हणतो आणि एक गाडा पळून वर गेला की ती झाली एक बारी. घाटाच्या वरच्या अंगाला मचाण असतं. त्यावर एक जण घड्याळ घेऊन बसतो, तो मी. दुसरा माईक घेऊन गाडे पुकारतो, ते गेनूभाऊ. वीसेक वर्षं आम्ही मांडीला मांडी लावून बसलो. बारी बारा सेकंदांची आणि गेनूभाऊंचं बोलणं चार मिनिटांचं, यावरून आमची दर यात्रेला भांडणं व्हायची. "भाऊ, आवरा, ऊन डोक्यावर आलं," मी म्हणायचो. "तुमी सेकंद मोजा गुरुजी, मानसं मी मोजतो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

ते धनगराचे. बाप मेंढरं घेऊन मढच्या बाजूला डोंगरात जायचा, तेव्हा या टेकडीवरून त्या टेकडीला हाका मारून पोराचा गळा तयार झाला होता. शिक्षण चौथी. पण बैलाच्या शिंगापासून मालकाच्या पणज्यापर्यंत सगळं तोंडपाठ. घाटात पळणाऱ्या माणसाला बक्षिसाचं फारसं नसतं. पाच-दहा हजार माणसांसमोर आपलं नाव भोंग्यातून निघावं, गावचं आणि बापाचं निघावं, यासाठी तो वर्षभर बैलांना पोरासारखं सांभाळतो. गेनूभाऊंनी नाव घेतलं की मालकाची छाती दोन बोटं पुढं यायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता जे सांगायचं आहे ते नव्वदच्या दशकातलं. गाव आंबेगाव तालुक्यातलं, नाव घेत नाही, कारण आता तिथल्या लोकांना त्या गोष्टीचा अभिमान आहे आणि तेव्हा नव्हता. त्या गावाच्या ओढ्यापलीकडं बौद्ध वाडी. वाडीतल्या लक्ष्मणनं जोडून जोडून चार बैल केले होते, गाडा पळायचाही चांगला. पण पुकारायला मचाणावर जी चिठ्ठी यायची तिच्यावर गाड्याचा मालक म्हणून नाव यायचं ते आबांचं. आबा म्हणजे गावातले मोठे जमीनदार आणि यात्रा कमिटीचे प्रमुख. देवाच्या घाटात वाडीचं नाव पुकारायचं नाही, बैल पळाले तर पळू द्यावेत, असा तो समंजसपणा! तीन वर्षं गेनूभाऊंनी ती चिठ्ठी जशीच्या तशी पुकारली. तीन वर्षं मी वहीत आबांचं नाव लिहिलं. दोघांनाही ठाऊक होतं. मी नोकरदार मास्तर, बदलीला भिणारा. आणि गेनूभाऊंना माईक दिला होता तो याच आबांसारख्यांनी.

तिसऱ्या वर्षी यात्रा उरकल्यावर आम्ही चहाला थांबलो होतो. लक्ष्मणची आई भागाबाई रस्त्यानं चालली होती. आमच्यापाशी थांबली. रागावलेली दिसत नव्हती. विचारपूस करावी तसं म्हणाली, "गेनू, तुजा आवाज लई मोठा हाय बाबा. पार आमच्या चुलीपत्तुर येतो. पन माज्या लेकाचं नाव त्यात मावना व्हय?" आणि गेली. गेनूभाऊंचा चहा तसाच राहिला. घरी जाताना मोटरसायकलवर मागं बसून ते एक शब्द बोलले नाहीत, आणि गेनूभाऊ गप्प बसलेत म्हणून मला गाडी चालवायला भीती वाटू लागली.

त्या वर्षभरात ते दर चार दिवसांनी शाळेत यायचे आणि काहीतरी विचारायचे. एकदा मी त्यांना अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं सांगितलं. कातडी काळी म्हणून त्यांना बसमध्ये मागं बसवायचे, पाणी वेगळ्या नळाचं प्यायला लावायचे. मग त्यांच्यातली माणसं उभी राहिली, बोलली, आणि ते बोलणं ऐकून हजारो माणसं रस्त्यावर आली, कायदे बदलावे लागले. गेनूभाऊ डोळे बारीक करून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजी तिकडं बी वाडी हायेच." मग खुर्ची पुढं ओढून, "नुस्त्या बोलन्यानं झालं?" मी म्हटलं, "नुसत्या नाही. पण बोलण्यापासून सुरू झालं." त्यावर त्यांचा प्रश्न, "भोंगं किती लावलं व्हतं?" हे काही पुस्तकात नव्हतं.

पुढच्या वर्षीची यात्रा. घाट माणसांनी फुललेला, खाली गाडे जुंपलेले. चिठ्ठ्यांचा गठ्ठा आला, त्यात लक्ष्मणच्या, चौथ्या नंबरच्या गाड्यावर पुन्हा आबांचंच नाव. गेनूभाऊंनी ती चिठ्ठी मला दाखवली, टोपी नीट केली आणि माईक तोंडापाशी धरला. मी घड्याळ हातात घेऊन बसलो. त्यांचं ते बोलणं मला आजही पाठ आहे.

"पावणं, जरा दम धरा. माज्या हातात एक चिठ्ठी हाय, तिच्यावरचं नाव खोटं हाय. तीन वर्सं म्या हे खोटं पुकारलं. बैल लक्ष्मणचं, चारा लक्ष्मणचा, घाम लक्ष्मणचा, आन नाव भलत्याचं. माजा बाप धोंडिबा. साठ वर्सं मेंढरं घिऊन तुमच्या रानांनी हिंडला, तुमच्या वावरात खत पाडलं. कुन्या गावानं त्याला नावानं हाक मारली न्हाई. 'ए धनगरा' म्हनायचे. त्याच्या कुत्र्याला नाव व्हतं, त्याला नव्हतं. आन त्याचाच मी पोरगा, हातात माईक आला तसा दुसऱ्याच्या पोराचं नाव गिळाया लागलो. आता न्हाई गिळनार. लक्ष्मणचं नाव देवाला चालत नसंल, तर आज देवाला कुनाचंच नाव ऐकवनार न्हाई. एक नंबर, सोडा गाडा."

आणि गाडा सुटला... धुरळा उडवत वर आला. मी वेळ सांगितली. गेनूभाऊ म्हणाले, "एक नंबर. बारा सेकंद." बस्स. ना गाव, ना मालक, ना बाप. भंडाऱ्याच्या मुठी आवळून उभी असलेली माणसं तशीच उभी राहिली, कारण नाव निघाल्याशिवाय भंडारा उधळायचा कसा? दुसरा गाडाही तसाच गेला. कमिटीचा एक जण भोंगेवाल्याकडं मशीन बंद करायला धावला. भोंगेवाला म्हणाला, "हात लावू नका, करंट मारतंय." मशीन ठणठणीत होतं, मला माहीत आहे. मी मान खाली घालून वहीत नुसते नंबर आणि सेकंद लिहीत होतो.

तिसरा गाडा खुद्द आबांचा. त्यांचे बैल त्या दिवशी असे पळाले की सबंध यात्रेत तशी बारी झाली नाही. अकरा सेकंद! आणि भोंग्यातून आलं, "तीन नंबर. अकरा सेकंद." आबा घाट चढून मचाणाकडं यायला लागले. मला वाटलं, आता मार बसतो. आबा शिडीच्या दोन पायऱ्या चढले, धापा टाकत म्हणाले, "गेन्या, घे त्याचं नाव. म्हंजी माजं बी घे. माज्या बैलांनी काय पाप केलंय?"

गेनूभाऊंनी माईक त्यांच्यापुढं धरला. "आदी तुमी सांगा आबा. त्या चौथ्या गाड्याचं बैल कुनाचं?"

आबांनी खाली जमलेल्या माणसांकडं पाहिलं. मग भोंग्यांतून त्यांचा खरखरीत आवाज आला, "लक्ष्मणचं." आधी वाडीच्या बाजूनं शिट्ट्या वाजल्या, मग दुसऱ्या गावचे गाडेवाले ओरडायला लागले, आणि बघता बघता उभा घाट "नाव घ्या, नाव घ्या" म्हणून गरजला. गेनूभाऊंनी मग जो आवाज लावला तो मी आधी आणि नंतर कधी ऐकला नाही. "ओढ्यापल्याडच्या वाडीचे, भागाबाईंचे चिरंजीव, लक्ष्मण भिकाजी यांचा गाडा..." लक्ष्मणचे बैल त्या गोंधळाला बुजले आणि निम्म्या घाटातच रेंगाळले. चौदा सेकंद लागले. पण भंडारा सगळ्यात जास्त त्याच बारीला उधळला. भागाबाई मचाणाखाली येऊन म्हणाली, "आजून एकदा घे की रं, नीट ऐकू न्हाई आलं." साफ खोटं. तिनं ते तीनदा घ्यायला लावलं.

हे काही गोडीगुलाबीनं संपलं नाही. पुढची दोन वर्षं चार-पाच गावांनी गेनूभाऊंना बोलावलं नाही. ते तरीही यात्रेला जायचे, गर्दीत उभे राहायचे आणि नवा निवेदक अडखळला की खालूनच मालकाचं नाव सांगायचे. विनामाईक, आणि भोंग्यापेक्षा मोठ्यानं. शेवटी लोकच कंटाळले आणि त्यांना परत मचाणावर घेऊन आले. पण त्या दोन वर्षांत इतर गावच्या वाड्यांमधले, ठाकरवस्त्यांमधले गाडेवाले कमिट्यांपुढं जाऊन म्हणायला लागले होते, आमच्या गाड्याला आमचं नाव पाहिजे. एका गावात तर पोरांनी त्याच रेट्यात पाणवठ्याचाही प्रश्न काढला आणि सोडवून घेतला. गेनूभाऊ तिथं भाषणाला गेले, दीड तास बोलले. मी घड्याळ लावलं होतं.

आणखी एक झालं. भागाबाईचं नाव ऐकून इतर मालकांना आपल्या आया आठवल्या. "भाऊ, माज्या आईचं बी घ्या की," असं म्हणत माणसं चिठ्ठीवर आईचं नाव घालून आणायला लागली. माझा वेळ त्यानं आणखी खाल्ला, पण भांडायला मला तोंड राहिलं नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या बोरीची यात्रा झाली. मचाणावर माझ्या शेजारी नवा निवेदक होता, पस्तिशीचा असेल, लांबच्या गावचा. गेनूभाऊंना त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं. माझ्या धाकट्या भावानं यंदाच पहिल्यांदा गाडा केला होता, तो आला तसा चिठ्ठी बघून निवेदक सहज म्हणाला, "बोरी बुद्रुकच्या पार्वताबाईंचे चिरंजीव..." आमच्या आईला जाऊन अठरा वर्षं झाली. तिचं नाव घराबाहेर कुणी कधी मोठ्यानं घेतलं नव्हतं. ते दहा भोंग्यांतून निघालं, नदीच्या पलीकडं गेलं, आणि माझ्या हातातलं घड्याळ दाबायचं राहून गेलं. कमिटीनं मला चांगलं झापलं. नंतर चहा पिताना मी त्या निवेदकाला विचारलं, "आईचं नाव घ्यायचं कुणी शिकवलं तुम्हाला?"

त्यानं बशीत चहा ओतला. "शिकवायचं काय त्यात गुरुजी? घाटात घेत्यातच की. पयल्यापासनं हायेच ते."