बर्लिनच्या फुटपाथवर मी चुकून हो म्हणाले

आज मावशीने मला बर्लिन दाखवायला नेलं. ती बेकरीत गेली, मी बाहेर थांबले. खाली बघते तर फुटपाथमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी पाट्यांवर माझा पाय! त्यांवर नावं कोरलेली. वहीला पाय लागल्यावर करतो तसा मी पटकन वाकून नमस्कार केला.

तेवढ्यात शेजारच्या दारातून एक जर्मन आजी फडकं घेऊन आल्या, पाट्या पुसायला. त्यांनी मला काहीतरी विचारलं. कळलं नाही की मी हो अशी मान हलवते. शाळेत असताना वर्गातही तेच करायचे. आजींचे डोळे भरले. त्यांनी फडकं माझ्याच हातात दिलं, मग मी पुसत बसले.

मावशी आली, त्यांच्याशी बोलली आणि मला बाजूला घेतलं.

"अगं, ही नावं या घरातल्या माणसांची, त्यांना नाझींनी मारलं. तू त्यांच्या नात्यातली का, असं विचारलं आजींनी. हो म्हणालीस?"

"मग मी त्यांची कुणी नाही, हे तू नाही सांगितलंस?"

"जमलंच नाही गं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी आलं म्हणाल्या."

आता परतीच्या ट्रेनमध्ये आहे. मावशी म्हणते, राहू दे, त्यांना बरं वाटलं. पण उद्या खरंच त्या घरातलं कुणी आलं तर? तुम्ही असता तर परत जाऊन सांगितलं असतं का?